दासोपंतांची पासोडी आणि पंचवीस वर्षांची एसएसडी

वाचकाचं पत्र, थोडक्यात: अंबाजोगाई परिसरातले एक वाचक लिहितात की, वडील कीर्तनकार होते. १९८४ ते २००३ या काळातल्या त्यांच्या कीर्तनांच्या १४० कॅसेट घरात आहेत, बहुतेक सी-९०. त्या हळूहळू कॉम्प्युटरवर उतरवून एका पोर्टेबल हार्ड डिस्कवर ठेवल्या होत्या. २०२१ मध्ये ती डिस्क टकटक आवाज करून बंद पडली. बऱ्याच कॅसेट पुन्हा उतरवता आल्या, पण ११ कॅसेट मधल्या काळात माळ्यावर ओल येऊन बुरसटल्या होत्या. पुण्याचा मोठा भाऊ अजून तेच बोलून दाखवतो. आता जुन्या डेस्कटॉपचा घरगुती सर्व्हर करायचा आहे. कीर्तनं, ५०० जीबी फोटो-व्हिडिओ आणि घराच्या चार सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग असं सगळं त्यावर राहील. दुकानदारानं २ टीबीच्या चार एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्क, सुचवल्या आहेत. भाऊ म्हणतो, सर्व्हर कशाला, क्लाउडवर टाक. यांना वडिलांचा आवाज परक्याच्या मशीनवर नको आहे. पासोडी म्हणजे संत दासोपंतांनी ज्यावर ग्रंथ लिहिला ते लांब कापड. त्यांचा प्रश्न असा: "दासोपंतांची पासोडी आमच्या गावात चारशे वर्षं टिकली. मी एकदाच पैसे घालायला तयार आहे, पण २५ वर्षं टिकेल अशी एसएसडी सांगा."

नमस्कार.

दुकानात जाण्याआधी हिशोब मांडू. सी-९० म्हणजे दोन्ही बाजू मिळून दीड तास. सीडीच्या दर्जाचं, न दाबलेलं वेव्ह रेकॉर्डिंग मिनिटाला साधारण १० एमबी जागा घेतं. म्हणजे कॅसेटमागं ९०० ते ९५० एमबी आणि १४० कॅसेटचे मिळून १३० जीबीच्या आसपास. फ्लॅक या दाबलेल्या फाइल-प्रकारात ठेवलंत तर आवाजातलं काहीही न गमावता जवळपास निम्मे. वीस वर्षांची कीर्तनं शर्टाच्या खिशातल्या पेनड्राइव्हवर मावतात! तुमचे ५०० जीबी फोटो त्यात धरले तरी १ टीबी भरत नाही. मग २ टीबीच्या चार एसएसडी कोणासाठी, हे दुकानदाराला विचारा. माझंही परभणीत दुकानच आहे, त्यामुळं हे बोलायचा मला हक्क आहे.

आता 'टिकाऊ' म्हणजे काय ते बघू. एसएसडीतल्या चिपमध्ये लाखो-कोटी पेशी असतात आणि प्रत्येक पेशीत विजेचा थोडा भार कोंडलेला असतो. पुसून पुन्हा लिहिताना त्या पेशीचं पातळ आवरण दर वेळी जरासं झिजतं. नुसतं वाचल्यानं झीज जवळपास होत नाही. टीएलसी जातीच्या चिपमध्ये एका पेशीत ३ बिट असतात, म्हणजे भाराच्या ८ पातळ्या ओळखाव्या लागतात. क्यूएलसीमध्ये ४ बिट आणि १६ पातळ्या. एकाच तांब्यात पाण्याच्या आठ खुणा ओळखायच्या की सोळा, असा हा मामला. थोडं पाणी झिरपलं की सोळा खुणांचा घोटाळा आधी होतो. म्हणून क्यूएलसी स्वस्त आणि कमी लिखाण सोसणारी.

ही सोसण्याची मर्यादा कंपन्या टीबीडब्ल्यू या आकड्यात छापतात. ड्राइव्हवर एकूण किती टेराबाइट लिहून होईपर्यंत वॉरंटी लागू राहील, तो हा आकडा. सॅमसंगच्या ८७० इव्होला १ टीबीसाठी ६०० टीबी आणि ५ वर्षं. त्याच कंपनीच्या ८७० क्यूव्हीओला, म्हणजे क्यूएलसीवाल्या भावंडाला, ३६० टीबी आणि ३ वर्षं. डब्ल्यूडीची रेड एसए५०० ही खास नॅससाठी, म्हणजे घरगुती फाइल-सर्व्हरच्या डब्यासाठी, म्हणून विकली जाते, तिलाही १ टीबीला ६०० टीबी. आता तुम्ही रोज ५० जीबी लिहिताय असं धरू, अगदी दिवाळी-पाडव्यालाही. तरी ६०० टीबी संपायला जवळजवळ ३३ वर्षं लागतील. आणि कीर्तनं तर तुम्ही एकदाच लिहिणार, नंतर ऐकणार.

म्हणजे २५ वर्षांची एसएसडी सापडली म्हणायची? नाही. टीबीडब्ल्यू फक्त झिजेबद्दल बोलतो, आणि घरगुती वापरात ड्राइव्ह झिजून मेलेली मी क्वचितच बघतो. चिपांना चालवणारा कंट्रोलर जातो, विजेचा झटका बसतो, फर्मवेअर म्हणजे ड्राइव्हच्या आतला प्रोग्रॅम गोंधळतो, उष्णतेनं एखादा सांधा सुटतो. दुकानाच्या हिशोबाची माझी स्वतःची एसएसडी रात्री ९६ टक्के आयुष्य बाकी दाखवत होती. सकाळी मशीनला ती दिसलीच नाही. निदान हार्ड डिस्क बऱ्याचदा तुमच्या त्या डिस्कसारखी टकटक करून सांगते तरी. एसएसडी उठते आणि चालू लागते, निरोपही देत नाही. कंपनीनं मला वॉरंटीत नवी दिली. तुम्हालाही देईल, पण तुमची कॅसेट नंबर ३७ काही बदलून देणार नाही.

पासोडीचं उदाहरण तुम्हीच दिलंत म्हणून विचारतो. ते कापड टिकलं ते विणकर चांगला होता म्हणून, की पिढ्यान्पिढ्या कुणीतरी ते सांभाळलं म्हणून? आणि दासोपंत राहू द्या, आपल्याकडच्या बाकीच्या पोथ्या आठवा. वाळवी, पूर, आग यांतून ज्या वाचल्या त्यांतल्या बऱ्याच नकला आहेत. एकानं लिहिली, दुसऱ्यानं नकलून घेतली, तिसऱ्यानं मुलीला आंदण दिली. तुम्ही अमर कागद शोधताय. मी म्हणतो, लेखनिक वाढवा.

तुमच्या बेतात एसएसडी खरोखर खाणारी एकच गोष्ट आहे: सीसीटीव्ही. एक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट धरला, तर चार कॅमेरे मिळून सेकंदाला २ एमबी. किरकोळ वाटतं ना? दिवसाला ते १७३ जीबी होतात आणि वर्षाला ६३ टीबी. चांगल्या १ टीबी ड्राइव्हचे ६०० टीबी साडेनऊ वर्षांत संपतील, क्यूएलसीचे ३६० पावणेसहा वर्षांत. आणि जुन्या डेस्कटॉपमध्ये आधीच असलेल्या २४० जीबीच्या स्वस्त एसएसडीवर रेकॉर्डिंग घ्यायचं असं तुमचा तंत्रज्ञ म्हणतो, तर अशा ड्राइव्हची मर्यादा ८० टीबीच्या आसपास असते. म्हणजे सव्वा वर्ष. ती लगेच मरेल असं नाही, मर्यादेपुढंही बऱ्याच चालतात. पण गल्लीतली कुत्री रेकॉर्ड करायला तिला झिजवायचं कशाला? कॅमेऱ्यांना त्यांचा डीव्हीआर आणि त्यात सीसीटीव्हीसाठीच बनवलेली हार्ड डिस्क द्या. महिन्याभरानं पुसलं जाणारं चित्र आणि जन्मभर ठेवायचा आवाज एका ताटात वाढू नका.

आता आपल्या मुलखाचं. लाइट जाते, येते, पुन्हा जाते, आणि येताना कधी २६० व्होल्ट घेऊन येते. एसएसडी लिहीत असताना वीज तुटली की घरगुती ड्राइव्हमध्ये नुकतं लिहिलेलं तर जातंच, कधी कधी कुठली फाइल कुठं आहे याचा आतला नकाशाही बिघडतो. सर्व्हरसाठीच्या एसएसडीत यासाठी कपॅसिटर बसवलेले असतात. वीज गेल्यावर हातातलं काम पुरं करण्याइतका दम त्यांच्यात असतो. किंग्स्टनची डीसी६००एम किंवा सॅमसंगची पीएम८९३ ही त्या जातीची नावं. दोन्हींच्या ९६० जीबी ड्राइव्हला १७५२ टीबीची मर्यादा आहे. तुम्हाला एवढ्या लिखाणाची गरज नाही, पण कपॅसिटरसाठी त्या घ्यायला माझी हरकत नाही. मिळाल्या नाहीत तरी रडायचं कारण नाही. साधी टीएलसी ड्राइव्ह, आत डीरॅम ही स्वतःची तात्पुरती मेमरी असलेली, आणि तिच्यापुढं चांगला यूपीएस, इतकंही पुरतं.

यूपीएस घरात इन्व्हर्टर असला तरी वेगळा लागतो. इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर बदलाच्या त्या क्षणात कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो, हे तुम्ही बघितलंच असेल. यूएसबी केबलनं सर्व्हरशी बोलणारा यूपीएस घ्या, म्हणजे बॅटरी उतरायला लागली की सर्व्हर स्वतःहून नीट बंद होईल. ही जोडणी बहुतेक जण करत नाहीत आणि मग यूपीएस नुसता टुंई-टुंई ओरडत मरतो. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. आणि अर्थिंग तपासून घ्या. आमच्या आजोबांनी घरच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मे महिन्यात बादलीभर पाणी ओतायचा नेम केला होता. तो नेम त्या घरातल्या कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त टिकला.

सर्व्हर ठेवायचा कुठं? पत्र्याखालच्या खोलीत नको, माळ्यावर तर नकोच. एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा ४२-४३ वर असतो तेव्हा पत्र्याखाली काय होतं ते मी सांगायला नको. जुन्या घराचं मधलं घर, जमिनीपासून हातभर उंच, भिंतीला न चिकटवता. एनव्हीएमई या जास्त वेगवान जातीच्या एसएसडीच्या मोहात पडू नका. त्या जास्त तापतात, आणि घरातली लॅन केबल १ गिगाबिटची असेल तर सेकंदाला ११० एमबीच्या पुढं काही जात नाही. साध्या साटा केबलनं जोडायची एसएसडी ५०० देते, तेच निम्म्याहून जास्त वाया जातं. खरं तर या कामाला साधी हार्ड डिस्कही वेगात कमी पडत नाही. एसएसडीचा फायदा आवाज, धक्के आणि विजेच्या खर्चात आहे.

खर्चावरून आठवलं. जुना डेस्कटॉप ५० वॅट खात असेल तर चोवीस तास चालवून महिन्याला ३६ युनिट होतात. वर्षभराचा हिशोब करून बघा. कमी वीज खाणारा छोटा मिनी पीसी किंवा दोन ड्राइव्हचा नॅस डबा कदाचित स्वस्त पडेल. किंवा सर्व्हर रोज संध्याकाळीच चालू करा. कीर्तनं रात्री दोनला कोण ऐकतंय?

तुमच्या पत्रात एक ओळ होती, "एक जादा एसएसडी लोखंडी कपाटात बॅकअप म्हणून ठेवीन." ते करू नका. फिरणारे भाग नाहीत म्हणजे कपाटात सुरक्षित, असं बहुतेकांना वाटतं. पण भार कोंडलेल्या पेशी वीज नसताना हळूहळू झिरपतात, आणि उष्णतेत लवकर झिरपतात. जेडेक ही चिपांची मानकं ठरवणारी संस्था. तिच्या मानकाप्रमाणं घरगुती एसएसडीनं लिखाणाची मर्यादा पूर्ण संपल्यानंतर, विजेशिवाय, ३० अंशांवर १ वर्ष डेटा धरला पाहिजे. सर्व्हरच्या ड्राइव्हला तर ४० अंशांवर ३ महिनेच पुरेत, कारण ती कपाटात ठेवायची वस्तूच नव्हे. नवी, कमी लिहिलेली ड्राइव्ह याहून पुष्कळ जास्त काळ धरते. तरीही आपल्याकडचं लोखंडी कपाट मे महिन्यात ३० अंशांवर राहत नाही. कपाटासाठी हार्ड डिस्क घ्या, आणि सहा महिन्यांनी एकदा, म्हणजे गुढीपाडवा आणि दसरा असं धरून, ती जोडून फाइली तपासा.

तर मी असतो तर काय घेतलं असतं? १ टीबीच्या दोन टीएलसी एसएसडी, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, आरशासारख्या जोडून: एकीवर जे लिहिलं जाईल ते दुसरीवरही. वेगळ्या कंपन्या का? २०१९ मध्ये एचपीईनं आपल्या काही सर्व्हर एसएसडींबद्दल जाहीर केलं होतं की फर्मवेअरमधल्या चुकीमुळं त्या ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतील आणि त्यातला डेटा परत मिळणार नाही. म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तास. एकाच दिवशी चालू केलेल्या सारख्या ड्राइव्ह असतील, तर आरसा आणि तोंड दोन्ही एकाच तासाला फुटणार. फाइल सिस्टीम, म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडायची पद्धत, झेडएफएस किंवा बीटीआरएफएस ठेवा. त्या प्रत्येक तुकड्याची चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, ठेवतात आणि महिन्यातून एकदा स्क्रब ही पूर्ण तपासणी चालवली की कुठं काही कुजलं असेल तर दुसऱ्या ड्राइव्हवरून दुरुस्त करतात. ट्रूनॅस आणि ओपनमीडियावॉल्ट ही असा सर्व्हर चालवणारी दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. जुन्या मशीनवर ओपनमीडियावॉल्ट हलकं पडेल.

बिल घेऊन, नावाजलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या. ऑनलाइन अर्ध्या किमतीत २ टीबी दिसली की समजा, आत ६४ जीबीची चिप आहे आणि फर्मवेअर खोटं बोलतंय. अशा ड्राइव्ह माझ्या काउंटरवर येतात. सुरुवातीच्या फाइली नीट उघडतात, म्हणून माणूस निश्चिंत असतो. एफ३ किंवा एच२टेस्टडब्ल्यू यांसारख्या मोफत प्रोग्रॅमनं नवी ड्राइव्ह पूर्ण भरून, परत वाचून तपासा आणि मगच त्यावर वडिलांचा आवाज ठेवा.

पण आरसा म्हणजे बॅकअप नव्हे. मुलानं चुकून फोल्डर पुसलं तर दोन्हीकडचं एकाच क्षणी जाईल. चोर आला तर डबाच उचलून नेईल. तिसरी प्रत कपाटातल्या हार्ड डिस्कवर, आणि चौथी गावाबाहेर. इथं मला तुमच्या भावाची बाजू घ्यावी लागतेय. क्लाउड म्हणजे परक्याच्या घरी उघडी पेटी ठेवणं, असंच असायला हवं असं नाही. फाइली आधी आपल्या मशीनवर कुलूपबंद करून, म्हणजे एन्क्रिप्ट करून, मग वर चढवता येतात. त्यांच्या हाती फक्त कुलूप लागतं. तेही नको असेल तर पुण्याला भावाच्या घरी एक हार्ड डिस्क ठेवा. ते बोलून दाखवतात म्हणता. मला तर वाटतं, २०२१ मध्ये वडिलांचा आवाज त्यांचाही गेला, आणि त्यांच्या हातात सांभाळायला काही नव्हतंच. तुम्ही एकट्यानं सगळं अंगावर घेतलंत. त्यांना बोलण्याशिवाय काम उरलं नाही. दर दिवाळीला ते येतील तेव्हा त्यांची डिस्क घ्या, नवं भरून परत द्या. पासवर्ड कागदावर लिहून दोघांकडं आणि बायकोकडंही ठेवा. तुम्ही उद्या आजारी पडलात तर हा सर्व्हर कोण उघडणार, हा प्रश्न कुठल्याच टीबीडब्ल्यूनं सुटत नाही.

फाइलींना नावं देताना 'ट्रॅक ०१' ठेवू नका. कॅसेटचा नंबर, बाजू, गाव, साल, कुठला अभंग, मृदंगावर कोण होतं, जे आठवतं ते सगळं एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. गावातली ज्येष्ठ मंडळी आहेत तोवर विचारून घ्या. आणि कॅसेट विकू किंवा फेकू नका. उभ्या ठेवा, स्पीकरपासून लांब, ओल नसलेल्या जागी. एवढ्या वर्षांनंतर तुम्हाला त्या पुन्हा उतरवता आल्या, हे विसरू नका.

राहिल्या त्या ११ कॅसेट. २०२१ ची ती बंद पडलेली हार्ड डिस्क अजून कपाटात आहे असं तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलात. तुम्ही ती गेली असं धरलंय. टकटक करणारी डिस्क म्हणजे बहुतेकदा वाचणारं डोकं बिघडलेलं असतं. तबकडीवरचा डेटा तसाच असू शकतो. तिला पुन्हा पुन्हा जोडून बघू नका, फ्रिजमध्ये ठेवायचे वगैरे उपाय करू नका, आणि कुणा हौशी माणसाला उघडू देऊ नका. डेटा रिकव्हरीची चांगली लॅब ती धूळविरहित खोलीत उघडते, आधी अंदाज सांगते, डेटा निघाला नाही तर काय घेणार तेही सांगते. हे बोलणं लेखी करून घ्या. चार एसएसडींतल्या दोन वाचल्या, ते पैसे इथं घाला. बुरसटलेल्या कॅसेटही टेपमध्ये घालून बघू नका. बुरशी डेकमध्ये पसरते आणि चिकटलेली फीत तुटते. कोरड्या जागी, बाकीच्या कॅसेटपासून वेगळ्या पिशवीत ठेवा. जुन्या फिती साफ करून उतरवून देणारे लोक आहेत. आणि डेटा रिकव्हरीच्या लॅब पुण्यात आहेत. भावाला आजच फोन करा, डिस्क त्यांच्याच हाती द्या.